मीठ ओतण्यापूर्वी मोजमाप करा
घरगुती जलतरण तलावातील क्लोरीन यंत्रणेचे दोष कसे शोधावेत?

लोणावळा, अलिबाग किंवा पुण्याच्या परिसरातील बंगल्यांमध्ये खासगी जलतरण तलाव आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. क्लोरीनच्या पावडरीची साठवण व रोजची मात्रा टळावी म्हणून अनेक कुटुंबे मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र बसवतात. यंत्र बसले की काळजी मिटली, हा समज मात्र पाण्यावर हिरवी झाक येईपर्यंतच टिकतो. मग मिठाची पोती रिकामी होतात, महागडा नवा सेल मागवला जातो आणि मूळ दोष जेथल्या तेथे राहतो.

अशा तलावात क्लोरीन नसतेच, हाही एक गैरसमज आहे. पाण्यात साधारणतः 3,000 ते 4,000 पीपीएम, म्हणजे दर हजार लिटरमागे 3 ते 4 किलो मीठ असते. समुद्राच्या खारटपणाच्या सुमारे एक दशांश. हे पाणी सेलमधील टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जाताना विजेच्या योगाने क्लोरीन तयार होते. आपले काम करून ते बहुतांशी पुन्हा क्षाररूपात परतते. म्हणजे मीठ हे येथे खर्ची पडणारा माल नसून फिरते भांडवल आहे.

‘मीठ कमी’ या दिव्याचा अर्थ

बहुतेक यंत्रे मीठ प्रत्यक्ष मोजत नाहीत. पाण्यातून वीज किती सहज वाहते, यावरून ती अंदाज बांधतात. पट्ट्यांवर क्षारांचा थर बसला, सेल जुना झाला किंवा हिवाळ्यात पाणी गार पडले, तरी वीज कमी वाहते आणि ‘मीठ कमी’ हा दिवा लागतो. म्हणून दिवा दिसताच मीठ ओतू नये. चाचणीपट्टीने किंवा मीटरने ते स्वतंत्रपणे मोजावे.

मीठ खरोखर कमी असेल, तर हिशेब सोपा आहे. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद व सरासरी 1.4 मीटर खोल तलावात सुमारे 45,000 लिटर पाणी मावते. प्रमाण 2,600 वरून 3,200 पीपीएमवर न्यायचे असल्यास सुमारे 27 किलो मीठ पुरते. जादा पडलेले मीठ मात्र पाणी काढून नवे भरल्याशिवाय कमी होत नाही.

बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ उडत नाही. पावसाळ्यात तलाव ओसंडून वाहिला किंवा फिल्टर उलट्या प्रवाहाने वारंवार धुतला, तर मीठ घटणे स्वाभाविक आहे. परंतु भर उन्हाळ्यात, तलाव वापरात नसतानाही प्रमाण उतरत असेल, तर गळती शोधावी.

पट्ट्यांवरील थर

बोअरवेलच्या जड पाण्याने सेलवर पांढरा थर लवकर बसतो. यंत्र चालताना पाण्याचा पीएच वाढत जातो व थराला बळ मिळते. म्हणून पीएच 7.2 ते 7.8 दरम्यान राखावा. थर काढण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून सेल सोडवावा. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच विरल आम्ल वापरावे. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही नाही. आणि आम्लाचा क्लोरीनच्या पावडरीशी संपर्क आल्यास विषारी वायू निघतो, हे नोकरमाणसांनाही समजावून सांगावे. धातूच्या ब्रशने घासल्यास पट्ट्यांवरील मौल्यवान लेप निघून जातो. थर नसताना आम्लाने धुण्यानेही तो झिजतो.

दिवे ठीक, तरी क्लोरीन नाही

प्रथम पंप किती तास चालतो ते पाहावे, कारण पंप थांबला की क्लोरीननिर्मितीही थांबते. फिल्टर तुंबल्याने प्रवाह मंदावला, तरी सुरक्षेसाठी यंत्र बंद पडते. दुसरे कारण ऊन. सूर्यप्रकाशात क्लोरीन वेगाने नष्ट होते. त्याला आधार देणारे सायन्युरिक आम्ल पुरेसे आहे का, हे तपासावे. शेवाळ धरलेच असेल, तर यंत्राच्या मंद गतीने ते हटत नाही. अशा वेळी बाहेरून एकदा क्लोरीन देऊन पाणी स्वच्छ करावे लागते. एवढे सारे पाहून झाल्यावरच सेलच्या वयाचा विचार करावा. सर्वसाधारणपणे तो 3 ते 5 वर्षे टिकतो.

यतनेचा प्रश्न

पाणी गाळून वापरण्याचा संस्कार असलेल्या घरांत या विषयाला आणखी एक बाजू आहे. क्लोरीन जंतुनाशक आहे, हे नाकारता येत नाही. तलाव असावा की नसावा, केवढा असावा, हा ज्या त्या कुटुंबाच्या विवेकाचा भाग आहे. परंतु तलाव बांधून त्याकडे दुर्लक्ष करणे, हा हिंसेचा सर्वांत मोठा मार्ग ठरतो. साचलेल्या पाण्यात शेवाळ आणि डासांच्या अळ्या वाढतात. मग तीव्र मात्रेने त्यांचा संहार होतो आणि हजारो लिटर पाणी वाया जाते. जीवोत्पत्तीच होऊ न देणे, हीच खरी यतना.

त्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. आठवड्यातून दोनदा क्लोरीन व पीएच, महिन्यातून एकदा मीठ आणि दर तीन महिन्यांनी सेलची पाहणी, एवढ्या नोंदी तारखेसह ठेवाव्यात. क्लोरीन 1 ते 3 पीपीएमच्या आत आहे की नाही, हे मुले पाण्यात उतरण्यापूर्वी त्या वहीवरून कळले पाहिजे.