पाण्यात कुत्रा पाठवण्याआधी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ‘द वॉश’ नावाचं मोठं आखात आहे. विदम, वेलंड, नीन आणि ग्रेट ऊझ या चार नद्या तिथे समुद्राला मिळतात. ओहोटी लागली की दूरवर नुसता चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलातून नागमोडी खाड्यांचं जाळं पसरलेलं दिसतं. हिवाळ्यात आइसलँडकडून आलेले कलहंस आणि रानबदकांचे थवे उजाडताना आणि तिन्हीसांजेला या वाटेनं ये-जा करतात. त्यांची वाट पाहत शिकारी काठावरच्या गवतात दबून बसतो आणि त्याच्या पायाशी एखादा काळा लॅब्रडॉर आकाशाकडे नजर लावून असतो. बार होतो, पक्षी खाडीपलीकडे पाण्यात कोसळतो. मालक कुत्र्याचं नाव घेतो आणि कुत्रा पाण्यात झेप घेतो.

एवढ्यात काय काय बिघडू शकतं, याचा विचार ती झेप पाहून भारावलेल्या माणसाच्या मनात सहसा येत नाही. ब्रिटनमध्ये रानबदकांच्या शिकारीचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो आणि किनाऱ्यावरच्या भरतीपट्ट्यात तो २० फेब्रुवारीपर्यंत चालतो. म्हणजे पाणी सर्वांत गार असतं तेव्हाच कुत्र्याचं काम जोरात असतं. शिकार करावी की करू नये, हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण कुत्र्याला त्या वादात मत नसतं आणि पाण्यात उतरायचं असतं ते त्यालाच. म्हणून त्याच्या बाजूनं हे लिहितो आहे.

या कुत्र्यांची घडणच पाण्यासाठी झाली आहे. लॅब्रडॉरचे पूर्वज म्हणजे आताच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांसोबत राबणारे ‘सेंट जॉन्स’ कुत्रे. जाळ्याचे दोर ओढणं, निसटलेले मासे पकडून आणणं ही त्यांची कामं. मासळीच्या जहाजांतून ते इंग्लंडला पोचले. माम्सबरीचे अर्ल आणि बक्लूचे ड्यूक या घराण्यांनी त्यांची पैदास जोपासली आणि १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबनं लॅब्रडॉरला जात म्हणून मान्यता दिली. अमेरिकेच्या चेसापीक बे रिट्रीव्हरची गोष्टही पाण्यातूनच सुरू होते. १८०७ मध्ये मेरिलँडजवळ बुडणाऱ्या एका जहाजावरून न्यूफाउंडलंडची दोन पिल्लं वाचवली गेली आणि पुढे त्यांच्यापासून ही जात घडली, असं तिचा इतिहास सांगतो. दुहेरी कोट, तेलकट केस, बोटांमधला पडदा, सुकाणूसारखी जाड शेपूट हे सगळं या कुत्र्यांना वारशानं मिळालेलं आहे. ‘याला पाण्यात काय होणार’ हा मालकाचा फाजील विश्वासही तिथूनच येतो.

खरी अडचण कुत्र्याच्या अंगात कमी आणि त्याच्या शिकवणुकीत जास्त आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या होप कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक टिम पेनिंग्ज यांचा एल्व्हिस नावाचा कॉर्गी जातीचा कुत्रा होता. मिशिगन सरोवराच्या काठावर ते पाण्यात तिरका चेंडू फेकत आणि एल्व्हिस कुठून पाण्यात शिरतो ते मोजत. तो सरळ रेषेत पाण्यात उडी घेत नसे. आधी वाळूवरून धावत जाई आणि मग नेमक्या अशा जागी पाण्यात शिरे, की चेंडूपर्यंत पोचायला कमीत कमी वेळ लागावा. पेनिंग्ज यांनी २००३ मध्ये यावर लेख लिहिला आणि कुत्र्याला कलनशास्त्र येतं का, या प्रश्नानं तो खूप गाजला. मला त्यात गणितापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कुत्र्याला त्याच्या मर्जीवर सोडलं तर तो पोहणं कमी करतो आणि जमिनीचा जास्तीत जास्त उपयोग करतो.

रिट्रीव्हरला, म्हणजे टिपलेला पक्षी आणून देणाऱ्या कुत्र्याला, याच्या नेमकं उलट शिकवतात. स्पर्धांमध्ये, विशेषतः अमेरिकेत, काठाकाठानं धावत जाऊन पाणी टाळणारा कुत्रा कामचुकार ठरतो आणि त्याचे गुण कापले जातात. त्यानं दाखवलेल्या रेषेत सरळ पाण्यात शिरायचं, मध्ये टेकाड लागलं तरी दिशा सोडायची नाही, शिट्टी वाजली की पाण्यातच वळून मालकाच्या हाताकडे पाहायचं. हे शिकवायला महिनोन् महिने लागतात आणि उत्तम शिकलेला कुत्रा काम करताना पाहणं हा खरोखर आनंद आहे. पण या शिकवणुकीत त्याची स्वतःची सावधगिरी खरवडून निघते. त्यात पिढ्यान् पिढ्यांची निवड अशी, की पैदाशीसाठी पुढे गेला तो कधी मागे न हटणारा कुत्रा. अशा कुत्र्याला नकार देता येत नाही. तेव्हा त्याच्या वाटचा नकार माणसानंच द्यायला हवा.

थंडीपासून सुरुवात करू. निरोगी कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ते ३७ च्या खाली जाऊ लागलं की धोका सुरू झाला आणि २८ च्या खाली गेलं तर जीव वाचवणं अवघड. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. दुहेरी कोटाच्या आतल्या मऊ केसांत अडकलेली हवा कुत्र्याला ऊब देते. वारंवार पोहून तो आतला थर भिजला की ते संरक्षण संपतं. पुष्कळ मालक फक्त पोहण्याची मिनिटं मोजतात. पण खाडीतून बाहेर आलेला ओला कुत्रा पुढचा थवा येईपर्यंत वाऱ्यात, चिखलावर तासभर निश्चल बसतो, त्यात तो जास्त गारठतो. निश्चल बसणं हेही त्याला शिकवलेलंच असतं. तो कुडकुडतो आहे तोवर शरीर लढतं आहे. कुडकुडणं थांबलं, पाय अडखळू लागले, हाकेला उत्तर उशिरा येऊ लागलं, तर शिकार तिथेच संपवून त्याला कोरडं करून गाडीत न्यायला हवं. म्हणून जाणते शिकारी कुत्र्याला बसायला कोरडी फळी देतात, निओप्रीनचं जाकीट घालतात आणि टॉवेल हाताशी ठेवतात.

थंड पाण्याची एक किरकोळ वाटणारी पण फार दुखणारी देणगी म्हणजे लुळी शेपूट. आदल्या दिवशी मनसोक्त पोहलेला लॅब्रडॉर सकाळी उठतो तो शेपूट खाली सोडून, आणि बसतानाही कण्हतो. मालकाला वाटतं हाड मोडलं. प्रत्यक्षात शेपटीच्या मुळाच्या स्नायूंना इजा झालेली असते. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांना ब्रिटनमधल्या लॅब्रडॉरच्या पाहणीत हे दुखणं काम करणाऱ्या, पोहणाऱ्या आणि उत्तरेकडच्या थंड भागांत राहणाऱ्या कुत्र्यांमध्ये जास्त आढळलं. बहुतेकांची शेपूट विश्रांतीनं काही दिवसांत बरी होते.

वाहतं पाणी याहून निर्दय. भरती-ओहोटीच्या खाडीचे काठ गुळगुळीत, उभे, मऊ चिखलाचे असतात. कुत्रा आत सहज घसरतो, पण तोंडात पक्षी धरून त्याला वर चढता येत नाही, धडपडत दमतो. ओहोटी जोरात असेल तर पडलेला पक्षी समुद्राकडे वाहत जातो आणि कुत्रा त्याच्यामागे. पक्षी जखमी असेल तर संकट आणखी मोठं. जखमी बदक बुडी मारतं, दहा-पंधरा हातांवर वर येतं, कुत्रा जवळ पोचला की पुन्हा बुडी. कुत्र्याची नजर त्याच्यावर खिळलेली असते, किनारा मागे किती लांब राहिला हे त्याच्या गावीही नसतं. जखमी कलहंस तर पंखाचे तडाखे देतो आणि चार-पाच किलोंचा मोठा हंस तोंडात धरून पोहणाऱ्या कुत्र्याला समोरचं धड दिसतही नाही. असा पक्षी आधी पाण्यावरच मारून मग कुत्रा सोडावा, ही जुनी शहाणी रीत. कुत्रा पाण्यात असताना मात्र खाली बार करू नये. छर्रे पाण्यावर आपटून उसळतात आणि कुठे जातील याचा भरवसा नसतो.

इथे माझं ठाम मत आहे. कुत्र्याची सुरक्षा चाप ओढण्याआधी ठरते. ज्या जागी पडलेला पक्षी सुखरूप आणता येणार नाही, त्या जागेवरून जाणाऱ्या पक्ष्यावर बारच करू नये. पक्षी पडल्यावर मन कच्चं होतं, त्याला तसंच सोडणंही पाप वाटतं आणि त्या घाईत कुत्रा पाठवला जातो.

पाण्याखाली काय आहे हे तर दिसतच नाही. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात हिवाळी पाण्यानं भरलेल्या जंगलांत बदकांची शिकार होते. तिथे पाण्याखाली तुटलेल्या झाडांचे टोकदार खुंट असतात. इतरत्र जुन्या कुंपणाची काटेरी तार, बाटल्यांच्या काचा, लोखंडी मेखा. काठावरून लांब झेप घेणारा कुत्रा छातीवरच अशा खुंटावर आदळतो. प्रेक्षकांना आवडणारी ती उडी अनोळखी पाण्यात मुळीच घेऊ देऊ नये, त्याला चालत उतरायची सवय लावावी. गळपट्टाही फांदीत अडकून कुत्र्याला पाण्याखाली धरून ठेवू शकतो. म्हणून ब्रिटनमध्ये कुत्रा सोडण्याआधी पट्टा आणि दोर काढून घेतात. तिथे सार्वजनिक जागी कुत्र्याला पट्टा बंधनकारक आहे, पण शिकारीच्या कामात असलेल्या कुत्र्याला कायद्यानंच त्यातून सूट दिली आहे.

गोठलेल्या तळ्याबद्दल थोडकंच सांगायचं. बर्फावरून धावणारा कुत्रा आत पडला तर मालक त्याच्यामागे जातो, आणि अशा प्रसंगांत पुष्कळदा माणूस बुडतो, कुत्रा बाहेर येतो. ब्रिटनची आरएनएलआय ही सागरी बचाव संस्था किनाऱ्यावरच्या लोकांना सांगते की कुत्र्यामागे पाण्यात उतरू नका. त्याला जिथून बाहेर येणं सोपं आहे अशा जागी जाऊन तिथून हाक मारा. शिकवलेल्या कुत्र्याचा आज्ञाधारकपणा इथे त्याच्या उपयोगी पडतो.

शिकारीचा हंगाम हिवाळ्याचा, पण शिकवणीचा उन्हाळ्याचा, आणि उन्हाळ्याचे धोके अगदी वेगळे. कापडी डमी किंवा चेंडू पाण्यात पुन्हा पुन्हा फेकला की उत्साही कुत्रा दर खेपेला थोडं पाणी गिळतो. चेंडूसाठी जबडा मोठा उघडावा लागतो, त्यामुळे पाणी जास्त जातं. काही वेळानं रक्तातलं सोडियम इतकं पातळ होतं की मेंदूला सूज येते. पोट फुगतं, उलट्या होतात, चाल लडखडते, नजर शून्य होते, मग झटके. काही तासांत कुत्रा दगावू शकतो. गोड्या पाण्यानं असं होऊ शकतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून उपचाराला उशीर होतो. चपटी वस्तू वापरणं, मध्ये मध्ये जमिनीवरचे खेळ घेणं, त्याला लघवीला वेळ देणं, इतक्या साध्या गोष्टींनी हा मृत्यू टळतो.

दुसरा उन्हाळी शत्रू म्हणजे नील-हरित शेवाळ. वास्तविक ते जीवाणूच. शेतांतून वाहून आलेली खतं आणि तापलेलं संथ पाणी मिळालं की ते रंग सांडल्यासारखं पसरतं आणि वारा त्याची साय एका काठाला लोटतो. नेमक्या त्याच काठावरून कुत्रा पाण्यात शिरतो, बाहेर येऊन अंग चाटतो आणि विष पोटात जातं. काही जातींचं विष यकृत निकामी करतं. ॲनाटॉक्सिन-ए हे विष मज्जासंस्थेवर हल्ला करून तासाभरातही जीव घेऊ शकतं. त्यावर उतारा नाही. उत्तर आयर्लंडमधलं लॉख नेय हे सरोवर हिवाळी बदकांसाठी प्रसिद्ध आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात ते या शेवाळानं हिरवंगार झालं होतं.

आणि एक दोष असा, की तो कुत्र्याच्या रक्तातच असतो. काही लॅब्रडॉर पाच ते पंधरा मिनिटं जोरात धावल्यावर मागच्या पायांतून कोसळतात. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये यामागचा डीएनएम१ या जनुकातला बदल शोधला. जमिनीवर कोसळलेला कुत्रा बहुतेकदा विश्रांतीनं सावरतो. खोल पाण्यात कोसळलेला बुडतो. आज साध्या चाचणीतून हे आधी कळतं. कामाच्या कुत्र्याची ही चाचणी न करणं मला अक्षम्य वाटतं.

महाराष्ट्रात हे सगळं दूरचं वाटेल. वन्यजीव संरक्षण कायद्यानं आज आपल्याकडे अशा शिकारीला बंदी आहे, आणि ते उत्तम आहे. पण त्याच रक्ताचे लॅब्रडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढताहेत. सुट्टीच्या दिवशी ते पानशेतच्या, मुळशीच्या, पवनेच्या काठावर नाहीतर अलिबाग-दापोलीच्या किनाऱ्यावर दिसतात आणि त्यांच्यासाठी कोणीतरी न थकता चेंडू फेकत असतं. कुत्रा थांबत नाही, म्हणजे त्याला अजून खेळायचंय असं घरच्यांना वाटतं. तो थांबत नाही, कारण त्याच्या पणज्या-खापरपणज्यांना थांबू दिलं नव्हतं. आठवडाभर फ्लॅटमध्ये बसून असलेल्या कुत्र्याची ताकदही कामाच्या कुत्र्यासारखी नसते. त्यातून आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचं भय आहेच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनं ते माणसांमध्ये पाहिलं. उंदरांच्या मूत्रानं दूषित झालेल्या पाण्यातून तो रोग कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून घरातही येऊ शकतो. लेप्टोची लस दरवर्षी घ्यावी लागते. जूनचे ढग जमण्याआधी कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड काढून तिची तारीख बघावी, आणि ती उलटली असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.