ताऱ्यांबरोबर चालणारा कॅमेरा

कल्याण, डोंबिवली, मुंब्रा किंवा मीरा रोडच्या एखाद्या मुलाला रात्री गच्चीवर नेऊन 'तारे मोज' म्हटलं, तर ते खरोखरच मोजून दाखवतं. एका दमात मोजून होतात! आम्ही कवी मंडळी 'अगणित तारे' लिहून मोकळे होतो, पण उपनगरात वाढणाऱ्या मुलाला तो शब्द थापेसारखा वाटला तर त्याचा काय दोष?

यावर नेहमीचा सल्ला असतो, अंधाऱ्या जागी जा. सल्ला बरोबरच आहे. खगोल मंडळानं कित्येक वर्षं वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम केले. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. पण सकाळची ७.१२ ची लोकल पकडणाऱ्याला पेंच कुठलं? रात्री एकटीनं घाटात जायला कोण आई मुलीला सोडते? त्यांच्या वाट्याला असते ती सोसायटीची गच्ची, तीही कुलूप उघडून मिळाली तर. म्हणून आज मी बोलणार आहे ते गच्चीवरच्या छायाचित्रणाबद्दल.

आपला डोळा फार काळ उजेड साठवत नाही. पाहिलं की पाटी कोरी. कॅमेऱ्याचा पडदा मात्र थेंबाथेंबानं हंडा भरावा तसा उजेड साठवतो. मग कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून मिनिटभर उघडा ठेवला की झालं, असं तुम्ही म्हणाल. पण पृथ्वी थांबत नाही ना! तासाला १५ अंश ती फिरते, आणि तारे उलट्या दिशेनं सरकतात. साध्या डीएसएलआरवर ५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर सहा-सात सेकंदांतच ताऱ्याचा ठिपका लांबट होऊ लागतो.

इथे कामाला येतो तो स्टार ट्रॅकर. ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी ही छोटी मोटर आहे. तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा, म्हणजे ती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी अशा गतीनं कॅमेरा फिरवते आणि तारे चौकटीत जागच्या जागी राहतात. समोरच्या इमारतीची कड मात्र पुसट होते, कारण आता पळते ती इमारत.

विकत घेण्याआधी घरी करून पाहता येतो हा प्रकार. ग्लासगोच्या जॉर्ज हेग यांनी १९७५ साली तो 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात मांडला. दोन फळ्या, एक घट्ट बिजागरी, आणि एक मिलिमीटर अंतराचे आटे असलेला ६ मिलिमीटरचा बोल्ट. बिजागरीच्या मध्यापासून बरोबर २२.९ सेंटिमीटरवर बोल्ट बसवायचा आणि घड्याळ पाहून मिनिटाला एक फेरा द्यायचा. ध्रुवाकडे तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला हवी, आणि तिची कांडी ध्रुवाकडे रोखलेली. उजव्या बाजूनं वरची फळी हळूहळू उचलली जाते. पहिल्या दहा मिनिटांत तिची चूक नजरेत येत नाही. कॉलेजच्या पोरांनी आधी हेच करावं असं माझं मत. पैसे वाचतात, आणि पृथ्वी फिरते हे पुस्तकातलं वाक्य हाताला कळतं.

खरी अडचण आहे ध्रुवाची. ध्रुवतारा क्षितिजावर तेवढ्याच अंशांवर असतो, जेवढे आपल्या गावाचे अक्षांश. म्हणजे कल्याणला तो जेमतेम १९ अंशांवर. तिथे धूर, धूळ आणि समोरचा टॉवर! युरोप-अमेरिकेतल्या लोकांना तो उंचावर सापडतो, म्हणून त्यांच्या सूचना 'ध्रुवतारा दुर्बिणीत आणा' इथूनच सुरू होतात. आपण दुसरी वाट धरू. रविवारी सकाळी गच्चीवर एक काठी सरळ उभी करा, तिच्याभोवती खडूनं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारी बाहेर जाताना जिथे शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेघ ही पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात उत्तर. आपल्याकडची फार जुनी रीत आहे ही. मुंबईच्या परिसरात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून अर्धा अंशही ढळत नाही, पण गच्चीच्या स्लॅबमधलं लोखंड तिला भुलवतं. सावलीला लोखंडाचं काही देणंघेणं नाही. उत्तर मिळाली की मोबाइलवरच्या कोनमापकानं ट्रॅकरचा आस १९ अंशांवर उचलायचा.

एवढ्यानं भागतं का? भागतं. आस एका अंशानं चुकला, तरी एका मिनिटात तारा जास्तीत जास्त १६ विकला सरकतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर ते सुमारे एका पिक्सेलएवढं भरतं. १३५ च्या लेन्सवर मात्र अडीच पिक्सेल होतात, तारा अंडाकृती दिसतो. म्हणून सुरुवात ५० नं करावी. लांब लेन्सचा मोह नको.

बाकीचं झटपट सांगतो. ऑटोफोकस बंद. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून, तो बारीकात बारीक होईपर्यंत हातानं फोकस. लेन्स एफ १.८ ची असली तरी २.८ वर आणा, कडेचे तारे नीट येतात. आयएसओ ८००, फोटो 'रॉ' स्वरूपात, बटण हातानं न दाबता टायमरनं. आकाश भगभगीत पांढरं दिसू लागलं तर वेळ कमी करा, तीस सेकंदही पुरतात.

आता उपनगरी उजेडाचं काय? एक फोटो पाहिलात तर निराशाच होईल, राखाडी-नारिंगी गढूळपणा. उपाय म्हणजे असे साठ फोटो काढायचे. फलाटावरच्या गोंगाटात कुणी तुमचं नाव एकदा घेतलं तर ऐकू येत नाही. साठ वेळा घेतलं तर? गोंगाट दर वेळी वेगळा, नाव तेच. संगणक हे फोटो एकावर एक रचतो तेव्हा तेच घडतं. सोळा फोटो रचले तर कचकच चौथ्या हिश्श्यावर येते, चौसष्ट रचले तर आठव्या. 'डीप स्काय स्टॅकर' किंवा 'सिरिल' ही सॉफ्टवेअरं त्यासाठी फुकट मिळतात. रस्त्याचा उजेड कापणारे महागडे फिल्टर मात्र लगेच घेऊ नका. पिवळ्या सोडियमच्या दिव्यांपुढे ते चालत. आताचे पांढरे एलईडी सगळ्याच रंगांत उजेड ओततात, त्यातून नेमकं काय कापणार?

पावसाळ्यात हा छंद मिटून ठेवायचा. हिवाळ्यात, अमावास्येच्या आसपास, मृगापासून सुरुवात करा. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या खाली पुसट ठिपके आहेत, त्यातला मधला तारा नाही, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूरचा तेजोमेघ आहे. १८८० साली हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटं काच उघडी ठेवून त्याचा पहिला फोटो घेतला. तुमच्या गच्चीवर वीस मिनिटांच्या बेरजेत त्याची गुलाबी छटा उमटते. वर रोहिणी आहे. तिचं जगभर चालणारं नाव अल्देबरान, मूळ अरबी, अर्थ 'मागून येणारा', कृत्तिकांच्या मागून येतो म्हणून. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देवयानी दीर्घिका पाहा. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास तिची 'लहानसा ढग' म्हणून नोंद केली. आपल्या उपनगरी आभाळात तो ढग डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात पहिल्याच मिनिटाला सापडतो.

आणि आपल्या कमी अक्षांशांचा एक फायदाही आहे. मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे, क्षितिजापासून २३ अंशांवर, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गुच्छ येतो. लंडनच्या छंदिष्टाला तो घरून कधीच दिसत नाही. आपल्याला दिसतो, दक्षिणेला टॉवर उभा राहिलेला नसला म्हणजे झालं.