निर्धोक ताट : कोणासाठीं?

नाशिक शहरांत एकादशीच्या दिवशीं अनेक उपाहारगृहांतून फराळाचीं ताटें मिळतात. भगर, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, शेंगदाण्याची आमटी असा तो बेत. ज्याला गहूं वर्ज्य आहे त्यास हें ताट सोयीचें वाटतें. परंतु शेजारीं बसलेल्या दुसऱ्या कोणास शेंगदाणा बाधत असेल, तर तेंच ताट त्याच्या जिवावर बेतूं शकतें. म्हणून अमुक पदार्थ निर्धोक आहे काय, एवढें विचारणें अपुरें आहे. तो कोणाला निर्धोक आहे, हें विचारलें पाहिजे.

येथें दोन विकारांतील भेद ध्यानांत घ्यावा. गहूं, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. सीलिॲक रोगांत या प्रथिनामुळें शरीराची संरक्षक शक्ति लहान आंतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजतात. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांस गव्हाचा संशय होताच. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यांत पाव मिळेनासा झाला तेव्हां तो बळावला, आणि १९५० सालीं त्यांनीं यावर प्रबंध सादर केला. जन्मभर ग्लूटेन टाळणें हाच या रोगावरील मुख्य उपाय होय. ॲलर्जीची गोष्ट निराळी. तींत कांहीं मिनिटांतच अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, प्रसंगीं श्वास कोंडतो. पहिला विकार मुकाट्यानें झिजवितो. दुसरा अवचित घाला घालतो.

ज्वारी, बाजरी, नागली व तांदूळ यांत ग्लूटेन नाहीं. सुरगाणा व पेठ या भागांत नागलीची भाकरी नित्याचीच. तथापि धान्य निर्दोष असलें म्हणजे भाकरी निर्दोष असतेच असें नाहीं. तें पीठ गव्हामागून त्याच चक्कींत दळलेलें असतें; भाकरी पोळीच्या तव्यावर भाजली जाते; पापड समोशाच्या कढईंत तळला जातो, आणि तळल्यानें ग्लूटेन नाहींसें होत नाहीं. डबीतल्या हिंगांतहि पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. भारतीय नियमांनुसार ग्लूटेनमुक्त म्हणविणाऱ्या अन्नांत किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असतां कामा नये. किलोभर अन्नांत चिमूटभर कणीक पडली तरी ही मर्यादा ओलांडली जाते!

यास्तव गर्दीच्या वेळेपूर्वीं चौकशी करावी, आणि ती शक्य तर प्रत्यक्ष रांधणाऱ्याकडे. नुसतें "पथ्य आहे" असें न म्हणतां वर्ज्य वस्तूचें नांव घ्यावें. पीठ, हिंग, तवा, तेल व पळी यांविषयीं एकेक प्रश्न विचारावा. कोशिंबिरीवरचें कूट काढून तेंच ताट परत आणल्यास तें स्वीकारूं नये, नवें मागावें. ज्यांस वैद्यांनीं ॲड्रिनॅलिनचें इंजेक्शन जवळ बाळगण्यास सांगितलें आहे, त्यांनीं तें घरीं ठेवून बाहेर पडूं नये.

आपल्याकडे पुढें आलेल्या अन्नाची चिकित्सा करणें अप्रशस्त मानतात, आणि भिडेस्तव घास घेतला जातो. ही भीड महाग पडते. उपाहारगृहाच्या चालकानेंहि "कांहीं होत नाहीं, खा" असें म्हणूं नये. "ठाऊक नाहीं" हें त्याचें प्रामाणिक उत्तर ऐकून गिऱ्हाईक त्या दिवशीं उठून गेलें, तरी पुन्हा विश्वासानें येण्याजोगें तेंच ठिकाण होय.