अस्र ते मगरिब, गल्ली मुलांची

साताऱ्याच्या गल्ल्या उताराच्या. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून शहर खाली उतरत जाते, त्यामुळे इथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा निम्मा वेळ घरंगळलेल्या चेंडूमागे धावण्यातच जातो. सांगलीला जमीन सपाट, तिथे ही अडचण नाही. खेळ मात्र दोन्हीकडे तेच: लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस, दोन दगडांवर मांडलेले क्रिकेट. अस्रची नमाज आटोपून माणसे मशिदीबाहेर पडतात तेव्हा गलका ऐन रंगात आलेला असतो. ‘राज्य कुणावर?’ ‘आऊट नाही, टप्पा पडला होता!’ हा आवाज आम्हाला फार आवडतो. हल्ली तो कमी झाला आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

त्याची किंमत सांगलीकरांना ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कळली. कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. कुटुंबे शाळांत, नातेवाइकांकडे गेली. पाणी ओसरल्यावर गल्लीत उरला तो चिखल, भिजलेल्या गाद्या, कुबट वास आणि शांतता. मोठी माणसे गप्प राहून फावड्याने गाळ ओढत होती. मग चार-दोन पोरे परतली आणि वाळत टाकलेल्या कपाटांच्या आड लपाछपी सुरू झाली. त्या दिवसांत कुणी त्यांच्यावर खेकसले नाही.

एरवी आपण खेकसतोच. कुणाची दुपारची झोप, कुणाच्या नव्या गाडीची काच, कुणाच्या घरी आजारी माणूस. यातले आजारी माणसाचे कारण खरे, ते मुलांनाही पटते. तेवढ्यापुरती ती पलीकडच्या गल्लीत जातात. बाकीची कारणे आपल्या सोयीची. शिवाय जिथे लगोरी मांडायची तिथे आता मोटारसायकली उभ्या असतात. मग मूल घरात बसते, हातात मोबाईल येतो आणि घर शांत होते. त्या शांततेचे आपल्याला बरे वाटते, हीच खरी काळजीची गोष्ट.

हजरत अनस (रजि.) सांगतात की ते लहानपणी मुलांमध्ये खेळत असताना प्रेषित मुहम्मद (स.) तिथे आले आणि त्यांनी त्या मुलांना सलाम केला. खेळणाऱ्या पोरांना आधी सलाम! आपल्या तोंडी आधी काय येते, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

मुलींचे तर आणखी अवघड. दहा-अकरा वर्षांची झाली की ‘पुरे आता, घरात ये’ सुरू होते आणि गलक्यातून तिचा आवाज गळतो. हजरत आयेशा (रजि.) मैत्रिणींबरोबर बाहुल्या खेळत. प्रेषित (स.) घरात आले की त्या मैत्रिणी लपत, तेव्हा ते त्यांना पुन्हा खेळायला त्यांच्याकडे पाठवत. ही हदीस आपल्या घरांत माहीत आहे, ती मुलींच्या बाबतीत आठवत नाही एवढेच. आणि खेळ म्हणाल तर, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो भारताच्या महिलांनी आणि पुरुषांनीही जिंकला. महिला संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. दोन खांब आणि मोकळी माती, एवढ्यावर चालणारा हा खेळ.

वाचकहो, गावाने मनावर घेतले तर काय होते, हे सांगली जिल्ह्यातच पाहायला मिळाले. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव, तीनेक हजार वस्तीचे. कोरोनाच्या काळात ऑनलाईन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती मोबाईल आले, ते सुटेनात. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या महिलांच्या ग्रामसभेत ठरले: रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद राहतील. सुरुवातीला लोकांना समजावत घरोघर फिरावे लागले. पुढे सवय झाली. मोबाईल मुलांच्या हातून काढायचा तर आधी मोठ्यांनी खाली ठेवावा लागतो, हे त्या गावाने ओळखले.

वडगावचा तो दीड तास अभ्यासाचा आणि गप्पांचा आहे, खेळाचा नाही. खेळासाठी आपल्याला भोंग्याचीही गरज नाही. आपल्याकडे अजान आहे. अस्रला मुलांना सोडावे, मगरिबला बोलवावे. अंधार पडू लागला की मुलांना घरात घ्या, ही ताकीदही हदीसमध्ये आहेच. हिवाळ्यात हा वेळ थोडा कमी, शाळा उशिरा सुटते तिथे आणखी कमी. पण अर्धा तासही पोरांना पुरतो. तेवढा वेळ मोटारसायकली गल्लीच्या तोंडाशी लावाव्यात. एखाद्या दादीने ओट्यावर खुर्ची टाकून बसावे, म्हणजे आयांचा जीव शांत राहील.

राहता राहिली काच फुटण्याची गोष्ट. ती मुलांनी आपसांत कधीच मिटवली आहे: काच फुटली तर मारणारा आऊट, आणि त्या घरात चेंडू मागायलाही त्यानेच जायचे.