लिनक्स अर्ध्यातच अडकलं? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातलीच, पण ते असो. शाळेतल्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या लिनक्स कॉम्प्युटरला यूपीएस नसेल आणि काम चालू असताना लाइट गेली, तर डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहू शकतात. बऱ्याचदा सिस्टीम त्या स्वतःच सावरते. नाही सावरल्या, तर मशीन सुरू होताना मध्येच अडकतं. मग ते उचलून कल्याण गाठायचं आणि तिथं ऐकायचं, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ म्हणजे मार्कलिस्ट, बिलं, फोटो सगळं गेलं. खरं तर डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो.

बटण दाबल्यावर आधी ग्रब येतं, मग लिनक्सचा कर्नल. कर्नलसोबत ‘इनिट्रॅमएफएस’ नावाची एक छोटी तात्पुरती सिस्टीम रॅममध्ये उतरते. तिचं मुख्य काम म्हणजे खरी डिस्क शोधून ती उघडणं. आपल्याला तिला तिथंच थांबवायचंय, कारण न उघडलेली डिस्कच सुरक्षितपणे दुरुस्त करता येते.

मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, नव्या मशीनवर एस्केप दाबा. ग्रबचा मेनू आला की ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या लांब ओळीच्या शेवटी जागा सोडून इंग्रजीत ‘ब्रेक’ लिहा आणि एफ-10 दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे चुकलात तरी रीस्टार्ट करून सुटका. डेबियनवर बेतलेल्या बहुतेक सिस्टीममध्ये हे चालतं; आपल्या सीडॅकचं ‘बॉस’ही डेबियनवरच उभं आहे. फेडोरात शब्द वेगळा, ‘आरडी डॉट ब्रेक’, आणि तो थोडा उशिरा थांबवतो, तेव्हा डिस्क उघडलेली असते.

आता काळा टर्मिनल दिसेल. ‘बीएलकेआयडी’ लिहिलं की डिस्कच्या भागांची नावं कळतात. मग ‘एफएससीके’ आणि पुढे त्या भागाचं पूर्ण नाव. तपासणी झाली की रीस्टार्ट करा. मात्र ‘आय-ओ एरर’ दिसत राहिले, तर डिस्कच मरायला टेकलेली असू शकते. तेव्हा दुरुस्ती थांबवा आणि आधी डेटाची कॉपी काढून घ्या.

आणि हो, या टर्मिनलला सहसा पासवर्ड लागत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर मशीनसमोर बसलेला कुणीही याच वाटेने तुमच्या फायली वाचू शकतो.