दोन व्हीसीआर आणि एक सायकल

गेल्या वर्षी आमच्याकडे वलीमा होता. शूटिंगसाठी बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, असे घरात ठरले. माझी भाची नाशिकला फिल्मचा कोर्स करते, पहिलेच वर्ष. तीच करील, घरचे काम घरात, आणि बायकांच्या दालनात परका माणूसही यायला नको. पोरगी खुशीत होती. दोन तास चाळीस मिनिटांचे शूटिंग करून आली.

चार दिवसांनी सगळे पाहायला बसलो आणि दहा मिनिटांत खोलीत शांतता पसरली. कॅमेरा एका जागी दोन क्षणही थांबत नव्हता. या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर, तिथून देगीवर, देगीवरून छतावर. हॉलमध्ये सगळे पिवळे, दाराशी गेले की निळे. ट्यूबलाइटच्या खाली तर पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. माझी बहीण म्हणाली, "एवढी फी भरून हेच शिकवतात का? त्यापेक्षा बी.एड. करू दे तिला." भाचीचे डोळे भरले. "मामू, कॅमेरा जुना आहे हो. नवा घेतला तर नीट येईल."

नवा कॅमेरा म्हणजे घरातले किती पैसे, हे तिलाही माहीत होते आणि मलाही. मी तिला म्हटले, कॅमेऱ्याचे नंतर पाहू. आधी मालेगावच्या नासिर शेख यांची गोष्ट ऐक.

मालेगाव आपल्याच जिल्ह्यात, नाशिकपासून आग्रा रोडने शंभरेक किलोमीटर. 1857 नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडचे मोमीन विणकर इथे येऊन वसले. हातमाग गेले, पॉवरलूम आले. आठवडाभर मागांचा खडखडाट आणि शुक्रवारी सुट्टी. त्या सुट्टीच्या दिवशी नमाज, मग घर, आणि तरुण पोरांची पावले सिनेमाकडे. नासिर शेख यांचा तिथे व्हिडिओ पार्लर होता. व्हीसीआरवर सिनेमे दाखवायचे. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, मारधाडीचे परदेशी चित्रपट. भाषा कळत नसलेल्या प्रेक्षकाला लांबलचक बोलणी नको असत, हाणामारी हवी असे. मग दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून नको तो भाग गाळायचा आणि हवा तो ठेवायचा. संपादन हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, पण काम तेच होते.

आजच्या मुलांनी व्हीसीआर पाहिलेला नसतो, म्हणून ते काम कसे चालायचे ते सांगतो. एका यंत्रात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. पहिल्यावर 'प्ले' दाबायचे, हवे तिथे येताच दुसऱ्यावर 'रेकॉर्ड'. नको तो भाग आला की दुसरे यंत्र 'पॉज' करून ठेवायचे, पहिले पुढे पळवायचे, पुन्हा जुळवायचे. बोट अर्धा सेकंद उशिरा पडले की अर्धा सेकंद चूक कायमची. आणि खरी गंमत पुढे आहे. शेवटपर्यंत काम झाल्यावर वाटले की मध्ये एक दृश्य राहिले, तर ते मध्ये घुसवता येत नाही. तिथून पुढचे सगळे पुन्हा करायचे. शिवाय कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र फिके पडते, कडा विरघळतात, रंग पसरतो. तिसऱ्या नकलेत लाल ओढणी म्हणजे लाल धूर. त्यामुळे माणूस कापण्याआधी विचार करायला शिकतो. हे दृश्य का ठेवायचे? कुठे सुरू करायचे? कुठे सोडायचे? आज मोबाइलवर बोट फिरवले की कापले जाते आणि बोट फिरवले की परत जोडले जाते. सोय मोठी आहे, पण तो एक क्षण थांबणे निघून गेले.

आधी दुसऱ्याचा सिनेमा कापून शिकणे ही मालेगावचीच रीत नाही. 1919 मध्ये मॉस्कोत सिनेमाची शाळा निघाली तेव्हा रशियात कोऱ्या फिल्मची टंचाई होती. लेव्ह कुलेशोव्ह आणि त्यांचे विद्यार्थी जुन्या फिल्मा घेऊन त्याच पुन्हा कापत, पुन्हा जोडत बसले. त्यातून त्यांना दिसले की एकाच माणसाचा तोच निर्विकार चेहरा अन्नाच्या ताटापुढे ठेवला तर तो भुकेला वाटतो आणि मयताशेजारी ठेवला तर दुःखी वाटतो. चेहरा बदललेला नसतो, शेजार बदललेला असतो. साधन नव्हते म्हणून जे हाती लागले, ते आज जगभरच्या फिल्मशाळांत पहिल्या वर्षी शिकवतात.

नासिर शेख यांनी 2000 सालच्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसला व्हिडिओ कॅमेरा, कलाकार गावातलेच कामगार आणि दुकानदार, खर्च पन्नास हजारांच्या आसपास. कॅमेरा पुढे सरकवायला स्टुडिओत रूळ घालतात. इथे कॅमेरावाला सायकलवर बसला आणि दुसऱ्याने सायकल ढकलली. वरून खाली येणारे दृश्य हवे तर क्रेन लागते. इथे बैलगाडी आली. तिचा एक भाग खाली दाबला की दुसरा वर जातो, त्यावर कॅमेरा धरून माणूस बसवला. पोरांनी हसू नये. सायकलच्या चाकात हवा असते म्हणून ती रस्त्याचे बारीक धक्के खाऊन टाकते, आणि हातात कॅमेरा घेऊन चालणाऱ्या माणसाच्या चित्रात येणारा हिंदकळा तिच्यात येत नाही. उपाय गरिबीचा असला तरी विचार पक्का होता.

पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला. फैजा अहमद खान यांनी त्याच्या निर्मितीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट 2008 मध्ये केला, तो 2012 मध्ये चित्रपटगृहांतही लागला. मिळाला तर घरच्या सगळ्यांनी मिळून बघावा. मागावर काम करणारा शफीक शेख हा सडपातळ तरुण सुपरमॅन होतो. त्याला उडवण्यासाठी मागे हिरवे कापड लावतात. कॉम्प्युटर त्या चित्रातला सगळा हिरवा रंग पुसतो आणि जागी आकाश बसवतो. हिरवाच का? माणसाच्या कातडीत तो रंग नसतो म्हणून. अर्थात नायकाच्या अंगावर हिरवा शर्ट असेल तर शर्टाच्या जागीही आकाश दिसेल! मध्येच एकदा कॅमेरा पाण्यात पडतो. सगळ्यांचे चेहरे पाहून आपल्या पोटात कालवते. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला. त्या मित्रमंडळींवर रीमा कागती यांनी केलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा चित्रपट फेब्रुवारी 2025 मध्ये आला. मालेगावच्या सिनेमात गावातल्या मुली काम करत नसत, नायिका बाहेरून आणावी लागे, हेही त्या माहितीपटात दिसते.

भाची लगेच म्हणाली, "म्हणजे मुलींचे कामच नाही ना यात?" मला हाच प्रश्न हवा होता, कारण त्याचे उत्तर नाशिकातच आहे.

पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. सहलीला आपण सगळे तिथे गेलेलो असतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 1870 चा. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, तिथे निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. परत येऊन एकदम मोठा चित्रपट त्यांनी काढला नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोप वाढताना थोडे थोडे चित्रण करत राहिले. जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली, पण तिच्यात दाण्याचा वेल होताना दिसला. ती पाहून पैसे लावणारे तयार झाले. 3 मे 1913 ला मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यातही राणीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते. त्यानंतर फाळक्यांनी आपले बस्तान नाशिकला हलवले.

पण कॅमेऱ्यामागे बाई होती. सरस्वतीबाई फाळके. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत. ती घरी, अंधारात, यंत्रावर पाडावी लागत. एक चुकले की फिल्म कॅमेऱ्यात अडकणार. ते काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायने मिसळणे त्या शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून नटाच्या चेहऱ्यावर उजेड पाडत उभ्या राहिल्या. दागिने विकले, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला. त्यांना कुणी फिल्मची विद्यार्थिनी म्हटले नाही. माझ्या मते या देशातल्या पहिल्या विद्यार्थिनी त्याच. 1917 मध्ये फाळक्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हे दाखवणारी एक छोटी फिल्मही काढली. चित्रपटाच्या धंद्यातल्या माणसाने आपले हुनर असे उघडे करून ठेवणे मला फार मोठे वाटते.

एवढे ऐकल्यावर भाचीने तेच वलीम्याचे शूटिंग पुन्हा उघडले. यावेळी मी तिच्याजवळ बसलो, आणि तिच्या वर्गातली एक मैत्रीणही होती. तिच्याकडून मलाही बरेच समजले. काळे पट्टे कॅमेरा जुना असल्यामुळे नव्हतेच. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, त्यामुळे दिवे शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. सेकंदाला पंचवीस चित्रे आणि शटर पन्नासाव्या भागावर ठेवले की पट्टे जातात. मोबाइलमध्ये नेमणूक बहुधा तीसची असते, ती बदलावी लागते. पिवळे-निळे होण्याचे कारण व्हाइट बॅलन्स. बल्बचा उजेड पिवळा, आभाळाचा निळसर. पांढरा कागद समोर धरून 'हा पांढरा' असे कॅमेऱ्याला सांगायचे, आणि जागा बदलली की पुन्हा सांगायचे.

सगळ्यात साधी गोष्ट मात्र मला सगळ्यात मोलाची वाटली. चित्र धरले की मनात दहापर्यंत मोजायचे. हलायचे नाही. आत काहीतरी घडते: काझीसाहेब मान वर करतात, दूल्हा सही करताना पेन उलटे धरतो. हलत्या कॅमेऱ्याला हे सापडत नाही. आणखी एक, काझी आणि दूल्हा यांच्यामध्ये मनातल्या मनात एक रेघ ओढायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली तर पडद्यावर दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात, जणू एकमेकांकडे पाठ फिरवली! भाचीच्या शूटिंगमध्ये नेमके हेच झाले होते आणि आम्ही त्यावर पोट धरून हसलो. बहीणही.

कापायला पैसे लागले नाहीत. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आहे, पण तिला दमदार कॉम्प्युटर लागतो. साध्या यंत्रावर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह चालते, तेही फुकट. पुढे या मार्गाने जायचेच असेल तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, 1960 साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली. तिथे छायाचित्रण आणि संपादन यांचे पदवीनंतर तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, प्रवेशपरीक्षा देऊन. म्हणजे पदवी आधी पूर्ण करायची, हे मी बहिणीसमोर मुद्दाम मोठ्याने म्हटले.

दोन तास चाळीस मिनिटांतून वापरता येईल असे अकरा मिनिटे निघाले. त्या अकरा मिनिटांत माझ्या आईचा, म्हणजे भाचीच्या नानीचा, एक तुकडा होता. ती कुणाकडे पाहत नव्हती, नुसती बसून नव्या सुनेच्या चपला जोडून ठेवत होती. पोरीच्या हातून तेव्हा कॅमेरा कसा कोण जाणे स्थिर राहिला होता. तो तुकडा तिने शेवटी ठेवला. बायकांच्या दालनातले चित्रण वेगळे काढले, ते सूनबाईंच्याच हातात एका पेन ड्राइव्हवर दिले आणि त्यांच्यासमोर कॉम्प्युटरवरून पुसले. हे तिला कुणी शिकवले नव्हते. लोक आपल्या लेकीसुनांचे चेहरे शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यात सोडून जातात, ती अमानत असते. फोनमध्ये राहिलेला, नंतर कुठेतरी फिरलेला एक तुकडा एखाद्या घराची झोप उडवू शकतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांना बायकांच्या बाजूला बाईच शूटिंग करणारी हवी असते आणि ती मिळत नाही. फिल्म इन्स्टिट्यूट दूर राहू दे, इथेच एक रोजी उभी आहे.

मागच्या महिन्यात शेजारच्या आपा आल्या. नातीचा अकीका होता. "तुमची पोरगी येईल का हो? आमच्याकडे सगळ्या बायकाच असतील." भाचीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलायच्या आत बहिणीने चहाचा कप पुढे केला आणि विचारले, "येईल. पण आपा, ती आता घरच्या कामाचेही पैसे घेते. किती द्याल?"