वीज पडते माळावर, जळतो ट्रान्सफॉर्मर

उन्हाळी कांदा लोणंदच्या बाजारात येत असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत वळीव गाठतो. माळावर वीज कोसळते, पाठोपाठ अख्ख्या फीडरची लाइट जाते. वायरमन लाइन फिरून येतो. तार शाबूत, खांब उभे. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर मात्र जळालेला. वीज तारेवर पडलेलीच नसते. जवळपास पडली, एवढंच पुरतं.

विजेची वाट ढगातून बहुतेक वेळा ऋण भार घेऊन टप्प्याटप्प्याने खाली उतरते. त्याच्या ओढीने जवळच्या तारांवर धन भार जमतो. हे तुलनेने सावकाश घडतं, म्हणून तारेवरचा दाब फारसा वाढत नाही. वाट जमिनीला टेकली की प्रचंड प्रवाह प्रकाशाच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने वर धावतो आणि तो ऋण भार काही मायक्रोसेकंदांत नाहीसा होतो. तारेवर अडकलेला धन भार एकदम मोकळा होऊन दोन्ही दिशांना लाटेसारखा सुटतो. ही लाट मायक्रोसेकंदाला जवळपास ३०० मीटर जाते.

ती किती मोठी, याचं सोपं सूत्र स्वीडनच्या सुने रुस्क यांनी १९५८ मध्ये मांडलं. विजेचा प्रवाह आणि तारेची उंची वाढली की दाब वाढतो. अंतर वाढलं की घटतो. ८ मीटर उंचीच्या तारेपासून १०० मीटरवर ३० किलोअँपिअरची वीज पडली, तर सुमारे ९० किलोव्होल्ट निर्माण होतात. ११ केव्ही लाइनवर एरवी तार आणि जमीन यांच्यातला दाब जास्तीत जास्त ९ किलोव्होल्ट असतो आणि तिच्यावरचा ट्रान्सफॉर्मर साधारण ७५ किलोव्होल्टचा आघात सोसेल असा बनवतात. जमीन मुरमाड, खडकाळ असेल तर लाट आणखी चढू शकते. २२० केव्हीच्या मनोऱ्यांना याचं भय नाही, कारण तिथली उपकरणं हजारेक किलोव्होल्टचे आघात पचवतात. त्यांना धोका थेट पडणाऱ्या विजेचा.

गावच्या लाइनचा राखणदार म्हणजे लाइटनिंग अरेस्टर. त्यातल्या झिंक ऑक्साइडच्या चकत्या नेहमीच्या दाबाला जवळपास काहीच प्रवाह जाऊ देत नाहीत. लाट आली की तिला जमिनीची वाट देतात. पण जोडणीची तार लांब असेल तर अरेस्टर असून नसल्यासारखा. मायक्रोसेकंदात १० किलोअँपिअरने वाढणारा प्रवाह तारेच्या दर मीटरला सुमारे १० किलोव्होल्टची भर घालतो. म्हणून अरेस्टर ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला खेटून हवा आणि त्याची अर्थिंग टाकीशी जोडलेली हवी.

घराकडे येणाऱ्या तारांतही अशी लाट शिरते. नुसतं बटण बंद केल्याने ती अडतेच असं नाही. गडगडाट दूर असतानाच टीव्हीचा प्लग काढलेला बरा.

वळवाची वीज येते ती जमीन सर्वांत कोरडी असताना, म्हणजे अर्थिंगचा रोध सर्वाधिक असतो तेव्हा. त्यामुळे अर्थिंगची तपासणी पावसाळ्याआधी नव्हे, वळवाआधी व्हायला हवी.